न लागलेल्या ठोशाचे गुण कोण देणार?

मुष्टियुद्धात सर्वांत चांगला बचाव कोणाचा, असा विषय निघाला की आपल्याकडे पहिले नाव येते ते मुहम्मद अलीचे. त्यामागे नुसते बॉक्सिंग नाही. व्हिएतनामच्या युद्धात जायला ज्याने नकार दिला आणि त्यापायी जगज्जेतेपद व उमेदीची साडेतीन वर्षे गमावली, त्या माणसावर आपला जीव आहे. पण माणसावरचे प्रेम वेगळे आणि त्याच्या एका कौशल्याचे मोल वेगळे. १९६० ते १९९० या दशकांतला सर्वश्रेष्ठ बचाव कोणाचा, एवढाच प्रश्न असेल तर माझे उत्तर अली हे नाही.

आधी कसोटी ठरवू. लांब पळून ठोसा चुकवणे ही मोठी गोष्ट नव्हे. समोरच्याच्या हाताच्या टप्प्यात उभे राहायचे, त्याचा ठोसा हवेत जाऊ द्यायचा आणि त्याच क्षणी उलट मारायचे, हा खरा बचाव. दुसरी गोष्ट, समोर कोण होते. तिसरी, वयाने चपळाई ओसरल्यावर त्या बचावातले किती उरले.

१९६४ ते १९६७ या काळातला अली पाहावा. हात कमरेपाशी आणि ठोसा आला की डोके सरळ मागे. कोणताही वस्ताद नवशिक्याला असे करू देणार नाही. अलीला ते साधले, कारण त्याचे पाय आणि नजर तशी होती. नोव्हेंबर १९६६ मध्ये ह्यूस्टनला क्लीव्हलँड विल्यम्सच्या हाती तो जवळजवळ लागलाच नाही. पण १९७० मध्ये परतला तेव्हा पाय पूर्वीचे राहिले नव्हते. ८ मार्च १९७१ रोजी पंधराव्या फेरीत जो फ्रेझरच्या डाव्या हुकने त्याला खाली पाडले. १९७४ मध्ये किन्शासाला त्याने दोरांना टेकून जॉर्ज फोरमनचे ठोसे हातांवर आणि बरगड्यांवर घेतले आणि आठव्या फेरीत सामना जिंकला. डावपेच म्हणून हे अजोड होते. तरी ठोसा झेलणे आणि ठोसा चुकवणे यांत फरक आहे. आपण सहनशक्तीलाच बचाव म्हणून दाद देतो, पण तिची किंमत शरीर मोजत असते. १९८४ मध्ये अलीला पार्किन्सन्स असल्याचे निदान झाले. त्यात ठोशांचा वाटा किती, यावर मतभेद आहेत. पण त्याने फार मार खाल्ला, यावर नाहीत.

अर्जेंटिनाचा निकोलिनो लोचे या कसोटीवर अलीच्या पुढे जातो. त्याला ‘अस्पर्श’ म्हणत. १२ डिसेंबर १९६८ रोजी टोकियोत पॉल फुजी त्याच्यावर नऊ फेऱ्या ठोसे टाकत राहिला आणि दहाव्या फेरीला उठलाच नाही. शंभराहून अधिक विजयांपैकी लोचेचे नॉकआउट मोजून १४. मात्र त्याची बहुतेक कारकीर्द मायदेशातच गेली. प्वेर्तो रिकोचा विल्फ्रेड बेनितेझ १९७६ मध्ये सतराव्या वर्षी जगज्जेता झाला. दोरांना पाठ लावूनही तो सापडत नसे. पण ती जन्मजात नजर मंदावली, तरी तो लढत राहिला. पुढे मेंदूच्या इजेने त्याला कायमचे परावलंबी केले.

माझ्या मते पहिला क्रमांक पर्नेल व्हिटेकरचा. हा डावखुरा खेळाडू समोरच उभा राही, गुडघ्यांत वाकून ठोशाखालून निघे आणि बाजूला गेल्यावर समोरच्याला उलट ठोसा बसलेला असे. चार वजनी गटांत तो जगज्जेता झाला. १० सप्टेंबर १९९३ रोजी सॅन अँटोनियोत त्याच्यासमोर हुलिओ सेसार चावेझ होता, ८७ लढतींत एकदाही न हरलेला. व्हिटेकरने त्याला बारा फेऱ्या चुकवले आणि मारलेही. दोन पंचांनी ११५-११५ असे समान गुण दिले, एकानेच व्हिटेकरला ११५-११३ ने विजयी ठरवले. सामना बरोबरीत सुटला. ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ने मुखपृष्ठावर याला लूट म्हटले. व्हिटेकरला फेऱ्या पूर्ण होण्याआधी एकदाच हार पत्करावी लागली, तीही २००१ च्या शेवटच्या लढतीत, कॉलरबोन मोडल्यामुळे. रिंगबाहेर त्याने कोकेनपायी स्वतःचे नुकसान केले. तो दोष त्याच्या पदरी घालावाच लागेल, पण रिंगमधला हिशेब त्याने बदलत नाही.

गुण देताना स्वच्छ ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवरचा ताबा आणि बचाव असे चार निकष मानले जातात. तरी टाळ्या पुढे धावणाऱ्यालाच मिळतात. ऑफ-स्टंपबाहेरचा चेंडू सोडणाऱ्या फलंदाजाला जाणकार दाद देतात. ठोसा सोडून देणाऱ्याला मात्र लोक भित्रा म्हणतात. या समजुतीनेच पोरे मार खाण्यात मर्दानगी शोधतात.

निखत झरीनने २०२२ आणि २०२३ मध्ये जागतिक अजिंक्यपद मिळवले. आता आपल्या घरातल्या मुलीने ग्लोव्हज मागितले तर नवल नाही. जरूर द्यावेत. फक्त प्रशिक्षकाला आधी विचारावे, ठोसा मारायला किती दिवसांत शिकवता हे नव्हे, तर चुकवायला किती दिवस शिकवता.