एकादशीचे ताट आणि रक्तातील साखर

आषाढी एकादशीला अनेक मराठी घरांत सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, मध्ये केळी, रताळ्याचा कीस आणि रात्री पुन्हा बटाट्याचे काहीतरी, असा 'उपवास' यथासांग पार पडतो. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण उगाच रूढ झालेली नाही. एरवी ती थट्टेवारी नेता आली असती. परंतु भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेही सुमारे १० कोटी आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरील सुमारे १३ कोटी ६० लाख आहेत.

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. प्रथिने आणि चोथा नावालाच. त्याची साखर होऊन ती झपाट्याने रक्तात उतरते. दाण्याचे कूट हा वेग किंचित मंदावते, पण एका वाटीच्या दोन वाट्या झाल्या की तोही आधार संपतो. मधुमेह नसलेल्या व्यक्तीची साखर जेवणानंतर दोन तासांनी साधारणतः १४०च्या आत असते. मधुमेह्याने खिचडीनंतर ती एकदा मोजून पाहावी. आणि ही खिचडी परंपरेची म्हणावी, तर ज्या कंदापासून साबुदाणा बनतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची हीदेखील त्याच खंडाची देणगी! प्राचीन स्मृतिकारांना यांतले एकही ठाऊक नव्हते.

खऱ्या लंघनाचे गणित वेगळे आहे. बारा-चौदा तास पोटात काही गेले नाही की इन्शुलिनची पातळी उतरते, यकृतातील साठा खर्ची पडतो आणि शरीर चरबीकडे वळते. चातुर्मासातील एकभुक्त राहण्याचा नेम काय किंवा डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली व डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोहोचविलेली दोन वेळांच्या जेवणाची पद्धती काय, दोहोंचा गाभा वारंवार न खाणे हाच आहे. तरीही पहाटे स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे यकृत साखर सोडते आणि रात्रभर उपाशी राहूनही सकाळचा आकडा चढलेला दिसू शकतो. त्याने खचून जाऊ नये. तसेच एखाद्या सकाळच्या चांगल्या आकड्यावर विसंबूही नये. सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी 'एचबीएवनसी' चाचणी अधिक विश्वासार्ह.

इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने मात्र वैद्यकीय सल्ल्याने मात्रा ठरविल्याविना निर्जळी वा दीर्घ उपवास करूच नये. साखर ७०च्या खाली गेली, घाम फुटून हातपाय थरथरू लागले, तर पारण्याची वेळ पाहत बसणे जिवावर बेतू शकते. तत्क्षणी साखरपाणी घेतले पाहिजे. व्रत भंगेल ही भीती अनाठायी आहे. ज्या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही असे धर्मशास्त्र सांगते, त्यांत पाणी, फळ आणि दूध यांच्याबरोबर औषधाचाही समावेश आहे.