हमी रयतेची, नफा कंपनीचा



गेल्या महिन्यात शाखेच्या सभेत एका तरुण ट्रॅकमनने उभे राहून आम्हाला विचारले, "काका, खाजगी आले तर बिघडले कोठे? बाजारात जो चांगला असेल तो टिकेल. सरकार कशाला पैसा ओतत बसते?" पोरगा बी.एस्सी. झालेला, भरतीत जी जागा मिळाली ती घेऊन हातात हातोडा धरलेला. काहींनी त्याला हसण्यावारी नेले, एक-दोघांनी खाली बसवायचा प्रयत्न केला. ते बरोबर झाले नाही. प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवून युनियन चालत नाही. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. अर्थशास्त्राच्या भाषेत त्याच्याशी वाद घालणे आम्हाला जमणार नाही. पण आयुष्य रुळांच्या बाजूला गेले आहे, आणि त्या रुळांचाच इतिहास त्याला उत्तर देतो.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, हे शाळेतली मुलेही सांगतील. ती गाडी सरकारची नव्हती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला ही विलायतेतली खाजगी कंपनी होती. मग त्या काळी बाजार खुला होता म्हणायचे का? कंपनीचा करार झाला १८४९ साली. त्यात काय होते ते ऐका. जमीन फुकट. मुदत ९९ वर्षांची. गुंतवलेल्या भांडवलावर वर्षाला ५ टक्के परतावा पक्का. गाडीने कमावले तर उत्तम. नाही कमावले तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरून द्यायची. आणि धंदा परवडेनासा झाला तर सहा महिन्यांची नोटीस देऊन रेल्वे सरकारच्या गळ्यात मारायची आणि भांडवल परत घ्यायचे! दुष्काळात होरपळणाऱ्या शेतकऱ्याने शेतसारा भरायचा आणि त्यातून लंडनच्या भागधारकाचे व्याज जायचे. ५ टक्के पक्के असल्यावर खर्चाला आवर घालायची कंपनीला गरजच काय? १९०० साली ही रेल्वे सरकारने विकत घेतली, तरी कारभार कंपनीकडेच राहिला. तो सरकारी व्हायला १९२५ साल उजाडले. ते झाले ॲकवर्थ समितीच्या शिफारशीवरून, आणि ॲकवर्थसाहेब काही लाल बावट्याचे नव्हते.

हे फार जुने झाले असे कोणी म्हणेल. म्हणून आपल्या कोकणातले घ्या.

जून १९९२ मध्ये अमेरिकेतल्या एन्रॉन कंपनीची माणसे आली आणि काही दिवसांतच दाभोळच्या वीज प्रकल्पाच्या समझोत्यावर सह्या झाल्या. टेंडर नाही, स्पर्धा नाही. मुक्त बाजाराचे ढोल तेव्हा सर्वांत जोरात वाजत होते, हे लक्षात घ्या. प्रकल्प परवडणारा नाही असे १९९३ मध्ये जागतिक बँकेनेही कळवले होते, आणि ती बँक काही कामगारांची कैवारी नव्हे. तरी करार झाला. वीज मंडळाने वीज घेतली नाही तरी ठरलेला आकार भरायचा. मंडळाने पैसे थकवले तर राज्य सरकारची हमी. राज्याने थकवले तर केंद्राची प्रतिहमी. १८४९ चा करार कोणी कपाटातून काढून पुन्हा टाईप केला की काय असे वाटावे! ज्यांनी हा प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा केली ते १९९५ मध्ये सत्तेवर आले, करार रद्द केला, पुन्हा वाटाघाटी केल्या आणि प्रकल्प समुद्राऐवजी कागदावर तरंगू लागला. १९९६ चे तेरा दिवसांचे केंद्र सरकार जाता जाता प्रतिहमी मंजूर करून गेले. तेव्हा एकाच पक्षाला दोष देऊन भागत नाही. माधव गोडबोले समितीने २००१ मध्ये एकामागून एक आलेल्या सरकारांवर ठपका ठेवला तो उगीच नव्हे. त्याच वर्षी मंडळाने वीज घेणे थांबवले, प्रकल्प बंद पडला आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेत कंपनीचे दिवाळे वाजले. नंतर २००५ मध्ये तो सांगाडा उचलला कोणी? एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांनी. आणि २०१५ च्या अखेरीस तिथली वीज घेऊ लागली कोण? आपली रेल्वे! खाजगी उद्योगाचे ओझे शेवटी सरकारी खांद्यावरच आले.

आता उलट बाजू पाहा. २०२० च्या जुलैमध्ये सरकारने १५१ खाजगी गाड्या चालवण्यासाठी देकार मागवले. ३० हजार कोटींची गुंतवणूक येईल असे सांगितले. मुदत ३५ वर्षे. मार्ग आपले, सिग्नल आपले, ड्रायव्हर आणि गार्ड आपले. कंपनीने डबे आणायचे आणि उत्पन्नातला वाटा द्यायचा. म्हणजे थोडीफार जोखीम कंपनीवर होती. सुरुवातीला नावे पुष्कळ आली, वर्तमानपत्रांनी मोठमोठे मथळे दिले. २०२१ मध्ये प्रत्यक्ष देकार उघडले तेव्हा देकार देणाऱ्या दोनच निघाल्या, आणि त्यातली एक आयआरसीटीसी, म्हणजे आपल्याच रेल्वेची कंपनी! ती सारी प्रक्रिया गुंडाळावी लागली.

त्या तरुण साथीला आमचे सांगणे एवढेच की बाबा, तू म्हणतोस तसा बाजार असता तर या रांगेत गर्दी झाली असती. हमी होती तेव्हा गर्दी होती, जोखीम आली तेव्हा फलाट रिकामा. त्याचे म्हणणे पडले की हा काही खरा मुक्त बाजार नव्हे, हे साटेलोटे आहे. कबूल. आम्हीही तेच म्हणतो. पण ज्या धंद्यात भांडवल अवाढव्य लागते, पैसा वीस-पंचवीस वर्षांनी सुटतो आणि गिऱ्हाईक म्हणजे सगळी जनता, तिथे सरकारच्या दाराशी गेल्यावाचून कोणाचे पानही हलत नाही. मग दाराशी कोणाची वट चालते हाच प्रश्न उरतो.

ती वट कशी चालते हे १४ मार्च २०२४ ला सगळ्या देशाने पाहिले. २०१७ च्या अर्थसंकल्पात निवडणूक रोख्यांची घोषणा झाली. आधी कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच राजकीय देणगी देता येत असे. ती मर्यादा काढून टाकली. कोणत्या पक्षाला दिले हे कंपनीच्या ताळेबंदात लिहिण्याचीही गरज ठेवली नाही. स्टेट बँकेत जायचे, कोटी-कोटीचे रोखे घ्यायचे, पक्षाच्या हाती द्यायचे. एकूण १६ हजार ५१८ कोटींचे रोखे विकले गेले. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरवली. बँकेने माहिती द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे लोकसभेची निवडणूक होऊन जाईपर्यंत. आपल्याकडे पोस्टाच्या काउंटरवर दिवसाचा हिशेब त्या दिवशी बंद केल्याशिवाय बाबूला घरी जाता येत नाही! न्यायालयाने मुदत नाकारली आणि याद्या बाहेर आल्या. सर्वांत मोठी गिऱ्हाईक लॉटरीच्या धंद्यातली एक कंपनी, १ हजार ३६८ कोटींची. सरकारी कंत्राटे घेणाऱ्या कंपन्या होत्या, तपास यंत्रणांच्या धाडी पडलेल्या होत्या, तोट्यातल्याही होत्या. तोट्यातली कंपनी देणगी कशातून देते हे आम्हाला तरी उमगलेले नाही. केंद्रातल्या सत्ताधारी पक्षाला जवळजवळ निम्मा वाटा मिळाला. पण काँग्रेस, तृणमूल, तेलंगणातला तेव्हाचा सत्ताधारी पक्ष, यांनीही हात मागे घेतला नव्हता. जिथे ज्याची सत्ता तिथे त्याला.

आता याच्या शेजारी दुसरा कागद ठेवा. २५ एप्रिल २०२३ ला पोस्ट खात्याने नॅशनल फेडरेशन ऑफ पोस्टल एम्प्लॉईज आणि तिच्या ग्रुप-सी संघटनेची मान्यता काढून घेतली. गुन्हा काय? आरोप असा की शेतकरी आंदोलनाला ३० हजार रुपये दिले, सिटूला ५० हजार आणि मार्क्सवादी पक्षाला ४ हजार ९३५ रुपये. शेवटची रक्कम पुस्तकांच्या खरेदीची होती असे संघटनेचे म्हणणे. १९९३ च्या नियमांनुसार सरकारी नोकरांच्या संघटनेला राजकीय निधी ठेवता येत नाही, त्यावर बोट ठेवले गेले. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यातही कलम १६ होते: राजकीय कामासाठी वेगळा निधी उभारायचा, त्यात वर्गणी देण्याची सक्ती सभासदावर करायची नाही. ती अट आम्हाला चुकीची वाटत नाही. सभासदाचा पैसा त्याला विचारूनच खर्च व्हावा. पण कंपनीच्या भागधारकाला कोणी विचारले होते? ४ हजार ९३५ रुपयांचा हिशेब मागणारे सरकार १६ हजार कोटींवर पडदा घालणारा कायदा करते, यात लहान-मोठ्याचा फरक आहे की आपल्या-परक्याचा?

सरकारकडे पैसा नाही हे आम्हाला नेहमी ऐकवले जाते. २० सप्टेंबर २०१९ ला कंपन्यांचा आयकर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला. नव्या कारखान्यांना १५. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचे उत्पन्न सोडले, असे अर्थमंत्र्यांनीच सांगितले. पुढच्याच वर्षी कोरोना आला आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले. त्यातून सरकारचे ३४ हजार ४०२ कोटी वाचले, हा आकडाही संसदेतलाच. टाळेबंदीत मालगाड्या चालवणारे, रूळ तपासणारे, खेड्यात मनीऑर्डर आणि औषधाचे पार्सल पोचवणारे यांच्या ताटातले ते पैसे होते. ती थकबाकी सरकारने नाकारली.

सरकारी खर्च म्हटला की आपली मंडळी टाळ्या वाजवतात, तेही सावधपणे वाजवावे. २०२४-२५ मध्ये रेल्वेला भांडवली खर्चासाठी २ लाख ५२ हजार कोटी मिळाले. लाईन दुहेरी होते, स्टेशने चकाचक होतात, चांगलेच आहे. पण २०२३ मध्ये सुमारे अडीच लाख जागा रिकाम्या होत्या आणि त्यांचे काम कंत्राटावर जात होते. आमच्याच डेपोत डबे धुणाऱ्या कंत्राटी बायकांना किमान वेतनाचा आकडा सहीसाठी एक आणि हातात दुसरा. आम्ही तक्रार केली. ठेकेदाराने बायकाच बदलल्या. खर्च सरकारी, पण त्यातला घास कोणी खाल्ला? आणि खरे सांगायचे तर त्या बायकांना सभासद करून घ्यायला आमच्या शाखेने चार वर्षे लावली. त्या आपल्या नाहीत असे म्हणणारे आमच्यातच होते.

तो ट्रॅकमन सभेनंतर थांबला होता. सगळे पटले नाही म्हणाला, पण रोख्यांची यादी मोबाईलवर काढून बघत बसला. त्या सभेत जमाखर्च मंजूर व्हायला अर्धा तास उशीर झाला, कारण खजिनदाराकडच्या पावतीपुस्तकात ५० रुपयांची एक स्थळप्रत सापडत नव्हती. ती सापडली, तेव्हा सभा सुटली.