उभे राहण्यास जागा

पहारीने धोंडा कसा उलथावा हे आमच्या शेतकरी व पाथरवट बंधूंस कोणी शिकवावयास नको. टेकू धोंड्यालगत सरकवावा व जोर लांब टोकास द्यावा. घरातला अडकित्ताही याच युक्तीने सुपारी फोडतो. आर्किमिडीज नावाच्या ग्रीक पंडिताने सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी या तरफेचा हिशेब मांडला. उभे राहण्यास जागा मिळाली तर मी पृथ्वीही हलवीन, असे तो म्हणाल्याचे सांगतात.

लोक यातली पृथ्वी तेवढी ऐकतात आणि बढाई म्हणून हसतात. आम्हांस जागा मोठी वाटते. धोंड्यावरच बसलेल्या माणसास तो धोंडा हलविता येत नाही, मग पहार कितीही लांब असो.

परळ-लालबागचा गिरणी कामगार एके काळी असाच धोंड्यावर बसलेला होता. आठवड्याची सुट्टी नाही, रोजी मालकाच्या हाती. एकट्याने तोंड उघडावे तर चूल विझावयाची. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यास जागा करून दिली. १८८० पासून त्यांनी मुंबईत ‘दीनबंधु’ चालविला, व १८८४ त गिरणी कामगारांची सभा स्थापिली. सरकारने नेमलेले फॅक्टरी कमिशन हा त्यांचा टेकू, आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज ही पहार. मागणे काय होते? रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पंधरा तारखेच्या आत पगार, जखमी झाल्यास भरपाई. यात पृथ्वी हलविण्यासारखे काय होते, हे मालकांनाच ठाऊक!

पण तरफ फुकट काही देत नाही. दहापट ओझे उचलावयाचे तर हातासही दहापट अंतर चालावे लागते, हे व्यासपीठावरून सहसा कोणी सांगत नाही. १८८४ च्या अर्जानंतर सुट्टी मिळाली ती १८९० च्या जूनमध्ये. त्याआधी २४ एप्रिल रोजी दहा हजार कामगार सभेस जमले, व दोन कामगार बायाही तेथे बोलल्या. सहा वर्षे हात चालला, तेव्हा धोंडा एका रविवाराइतका सरकला. मधल्या काळात “अर्जाने काय होते?” म्हणणारे नसतील काय? त्यांची दृष्टी धोंड्यावर होती, हातावर नव्हती.

१९८२ च्या संपानंतर त्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. आज तेथे मनोरे उभे आहेत. ते बांधावयास गेलेले गवंडी, सुतार व बिगारी आमच्या वाचकांच्याच घरचे आहेत. त्यांस सुट्टी किती दिवसांनी मिळते आणि मजुरी कोणत्या तारखेस हाती पडते, हे प्रत्येक घराने यंदाच्या दिवाळीत त्यांना विचारावे, व गावात एक वही घालून त्यात नावानिशी लिहून ठेवावे.