आकाशावर नजर आहे, लाडबोरीला निरोप कोण देणार?

प्रति,
माननीय हवाई दल प्रमुख,
भारतीय हवाई दल, वायुसेना भवन, नवी दिल्ली

विषय : मित्रदेशांसोबतच्या हवाई सहकार्यात आकाशातून पडणाऱ्या वस्तूंच्या इशाऱ्याचा समावेश करण्याबाबत

महोदय,


2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याचा दिवस. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात सामुदायिक जेवणाची तयारी चालली होती. पावणेआठच्या सुमारास आकाश उजळले, लालभडक तबकडीसारखे काहीतरी खाली येताना दिसले आणि गावातल्या मोकळ्या जागेवर दणका बसला. आता स्फोट होणार या धास्तीने माणसे घरात शिरली आणि जवळपास अर्धा तास कुणी बाहेर फिरकले नाही. पडली होती ती दोन-तीन मीटर व्यासाची, चाळीस किलोहून जड अशी धातूची कडी. पुढे पवनपार शिवारात धातूचा एक गोळाही सापडला. कडी सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात पोहोचली, इस्रोचे शास्त्रज्ञ पाहणीला आले. चीनने फेब्रुवारी 2021 मध्ये सोडलेल्या लाँग मार्च 3बी या रॉकेटचे ते अवशेष असावेत, असे अवकाश-अभ्यासकांनी सांगितले.

सुदैवाने कुणाला खरचटलेही नाही.

हे पत्र लिहिले जात आहे ते वैनगंगेच्या दुसऱ्या तीरावरून, गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यातल्या मार्कंड्याहून. लाडबोरीपासून मार्कंड्याचे हवाई अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास भरेल. कक्षेत फिरणारी वस्तू सेकंदाला पावणेआठ किलोमीटर धावते. त्या वेगाने हे अंतर सहा-सात सेकंदांचे आहे. महाशिवरात्रीला उत्तरवाहिनी वैनगंगेच्या वाळूत भाविकांची अलोट गर्दी असते. मार्कंड्याच्या शिवमंदिराचे शिखर पूर्वी वीज पडून ढासळले, ही आठवण इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. वरून येणारे संकट इथल्या माणसाला नवे नाही. नवे आहे ते एवढेच, की आता त्यातले काही आधी कळू शकते. कळते ते मात्र इथून फार दूर बसलेल्यांना.

हे गाऱ्हाणे हवाई दल प्रमुखांकडे कशासाठी, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर 2024 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहे. त्या दोन महिन्यांत भारतीय हवाई दलाने ‘तरंग शक्ती’ हा आपला पहिला बहुराष्ट्रीय हवाई सराव घडवून आणला. तमिळनाडूतल्या सुलूरला जर्मनी, फ्रान्स, स्पेन आणि ब्रिटनची विमाने उतरली. जर्मन हवाई दल तर सरावासाठी भारतात पहिल्यांदाच आले. नंतर जोधपूरला अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ग्रीस यांच्यासह इतर देश सहभागी झाले. भारत कोणत्याही लष्करी आघाडीचा सदस्य नाही आणि ते धोरण त्याचे स्वतःचे आहे. तरीही इतक्या देशांचे वैमानिक एका आकाशात, ठरलेल्या संकेतांनुसार उडाले. या कामगिरीचा मार्कंड्यालाही अभिमान आहे. त्या अभिमानातूनच ही मागणी पुढे येते.

मित्रदेशांच्या सामूहिक संरक्षणाचा बातम्यांतून दिसणारा भाग म्हणजे लढाऊ विमाने. खरे बळ असते ते माहितीच्या वाटणीत. एस्टोनिया, लाटविया, लिथुआनिया या तीन बाल्टिक देशांकडे स्वतःची लढाऊ विमाने नाहीत. मार्च 2004 मध्ये ते नाटोत आले तेव्हापासून इतर सदस्य देश आळीपाळीने आपली विमाने तिथे ठेवतात. अनोळखी विमान जवळ आले, की रडारवरचे चित्र जर्मनीतल्या संयुक्त केंद्रात दिसते आणि उड्डाणाचा आदेश तिथून सुटतो. आधी माहिती पोहोचते, मग विमान उडते. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर तर नाटोची टेहळणी विमाने काही महिने खुद्द अमेरिकेच्या आकाशात गस्त घालत होती. बलाढ्य देशालाही तेव्हा शेजाऱ्या-मित्रांचे डोळे उपयोगी पडले.

लाडबोरीशी अधिक जवळचे उदाहरण कॅनडाचे आहे. अमेरिका आणि कॅनडा यांनी 1958 मध्ये करार करून ‘नोरॅड’ या संयुक्त हवाई संरक्षण यंत्रणेवर शिक्कामोर्तब केले. 24 जानेवारी 1978 ला सोव्हिएत संघाचा कॉसमॉस 954 हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फाळ, विरळ वस्तीच्या मुलखात कोसळला. तो खाली येणार यावर अमेरिकेचे आधीपासून लक्ष होते. दोन्ही देशांनी मिळून ‘ऑपरेशन मॉर्निंग लाइट’ ही शोधमोहीम राबवली आणि बर्फातून किरणोत्सारी तुकडे शोधून काढले. 1972 च्या अवकाश दायित्व कराराचा आधार घेऊन कॅनडाने भरपाई मागितली. 1981 मध्ये सोव्हिएत संघाने 30 लाख कॅनेडियन डॉलर देण्याचे मान्य केले. सगळा मुलूख जंगलाचा आणि बर्फाचा, राहणारी माणसे थोडी. तरीही दोन देशांची यंत्रणा त्यांच्यासाठी हलली.

भारतही 1972 च्या या कराराचा सदस्य आहे. लाडबोरीची घटना घडली आणि अवघ्या नऊ दिवसांनी, 11 एप्रिल 2022 ला, वॉशिंग्टनमध्ये भारत-अमेरिका मंत्रिस्तरीय बैठकीत अवकाशातील वस्तूंवरच्या माहितीच्या देवाणघेवाणीची व्यवस्था ठरली. जुलैमध्ये बंगळुरूला इस्रोचे अवकाश सुरक्षा व्यवस्थापन केंद्र सुरू झाले. दरम्यान मे महिन्यात गुजरातच्या आणंद-खेडा भागातही आकाशातून धातूचे गोळे पडले. म्हणजे धोका एका तालुक्यापुरता नाही, आणि त्यावर नजर ठेवणारी यंत्रणाही कागदावरची नाही. अडते ते पुढे, बंगळुरू किंवा दिल्लीहून सिंदेवाहीच्या तहसील कचेरीपर्यंत आणि तिथून गावाच्या पोलीस पाटलापर्यंत.

यातल्या अडचणी खऱ्या आहेत. अनियंत्रित रॉकेट नेमके कुठे पडेल हे शेवटपर्यंत सांगता येत नाही. वेळेचा अंदाज तासाभराने चुकला तर जागा 27-28 हजार किलोमीटरने सरकते. प्रत्येक वेळी ‘घरात थांबा’ म्हटले तर लोक चौथ्या वेळी ऐकणार नाहीत. संरक्षणाची काही माहिती गुप्त ठेवावीच लागते, हेही मान्य. म्हणून गावाला नेमकी जागा आणि वेळ सांगा, असा आग्रह नाही. अमुक रात्री या पट्ट्यावरून काही जाण्याची शक्यता आहे, एवढा निरोप जिल्हाधिकाऱ्यांना मिळाला तरी पुष्कळ आहे. शिवाय वस्तू पडल्यानंतरचे पहिले दोन तास पूर्णपणे आपल्या हातात असतात. रॉकेटच्या टाकीत हायड्रॅझिनसारखे विषारी इंधन उरलेले असू शकते. हात लावू नका, मुलांना लांब ठेवा, वाऱ्याच्या दिशेत उभे राहू नका, अमुक क्रमांकावर कळवा: एवढ्या चार गोष्टी लाडबोरीच्या माणसांना आधी ठाऊक असत्या, तर तो अर्धा तास निव्वळ भीतीत गेला नसता.

आणि हा मुलूख आता निव्वळ जंगलाचा राहिलेला नाही. चंद्रपूरला 2920 मेगावॉटचे महाऔष्णिक वीज केंद्र आहे, भद्रावतीला दारूगोळ्याचा कारखाना आहे, मार्कंड्याच्याच तालुक्यात कोनसरीचा पोलाद प्रकल्प उभा राहिला आहे. आकाशातून येणारी वस्तू शत्रूची असो वा भरकटलेली, इथे तिचा फटका कितीतरी मोठा बसू शकतो.

म्हणून तीन मागण्या.

पहिली : पुढच्या बहुराष्ट्रीय सरावात एक दिवस आकाशातून पडणाऱ्या वस्तूच्या इशाऱ्यासाठी राखून ठेवावा. मित्रदेशाच्या रडारवरून निघालेली माहिती इस्रो, हवाई दल, जिल्हाधिकारी आणि शेवटी एका खऱ्या गावापर्यंत किती वेळात पोहोचते, हे घड्याळ लावून तपासावे. त्या तपासणीसाठी गाव सिंदेवाही किंवा चामोर्शी तालुक्यातले निवडावे.

दुसरी : इशारा मराठीत, आणि भामरागड-एटापल्लीसारख्या भागांत गोंडी-माडियातही द्यावा. जिथे मोबाइलला रेंज नाही, तिथे पोलीस मदत केंद्रे आणि वनविभागाचे वायरलेस आहेत. त्यांना या साखळीत घ्यावे.

तिसरी : हवाई दलाचे मेंटेनन्स कमांड मुख्यालय नागपुरातच आहे. तिथल्या अधिकाऱ्यांनी वर्षातून एकदा चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतले पोलीस पाटील, वनरक्षक आणि आशा कार्यकर्त्यांना एका दिवसाचे प्रशिक्षण द्यावे. लाडबोरीच्या ग्रामस्थांचा अनुभव त्या प्रशिक्षणात सर्वांत आधी ऐकला जावा.

यासाठी नवा करार करावा लागणार नाही, नवे विमान घ्यावे लागणार नाही. रडार आहेत, मित्र आहेत, नागपुरात कार्यालय आहे. हवाई दलाने इस्रो आणि राज्य शासनाला सोबत घेऊन ही साखळी येत्या महाशिवरात्रीच्या यात्रेआधी जोडावी आणि तसा लेखी निर्णय चंद्रपूर व गडचिरोलीच्या जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा, ही नम्र विनंती.

आपला,
मार्कंडा (ता. चामोर्शी, जि. गडचिरोली) परिसरातील एक रहिवासी