लेखणी, वाकस आणि न उरलेली गुराब

लातूरच्या एका वाचक भगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांचा मुलगा नववीत शिकतो. त्याच्या मामाने परदेशाहून येताना ‘व्हिक्टरी’ नामक जुन्या इंग्रजी लढाऊ जहाजाची प्लॅस्टिकची प्रतिकृती आणून दिली. म्हणजे तयार जहाज नव्हे, तर त्याच्या सुट्या भागांनी भरलेले खोके. गेले दोन महिने मुलगा रोज संध्याकाळी त्यात गढलेला असतो. घरातील वडील मंडळींचे म्हणणे असे की, ज्या गावाच्या नावाने परीक्षांचा ‘पॅटर्न’ महाराष्ट्रभर ओळखला जातो, त्या गावात हा पोरखेळ शोभत नाही. शिवाय २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातुरास मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले, तेथे लढाऊ जहाज तरंगविणार कोठे, असा विनोदही मुलाच्या काकांनी केला आहे. ‘मुलास आवरावे की करू द्यावे, हे आपण सांगावे,’ असा भगिनींचा प्रश्न आहे.

आमचे उत्तर असे की, करू द्यावे. हातास वळण लागते, दृष्टी सूक्ष्म होते, धीर वाढतो, ही कारणे कोणीही सांगेल आणि ती खरीही आहेत. परंतु आमचे मुख्य कारण निराळे असून ते मुलापेक्षा आपणां वडील मंडळींसच अधिक लागू आहे. ते सांगावयाचे तर प्रथम त्या खोक्यात काय आहे ते पाहिले पाहिजे.

मूळ ‘व्हिक्टरी’ जहाजाची बांधणी इंग्लंडात चॅटम येथील गोदीत १७५९ साली सुरू झाली आणि १७६५ साली ते पाण्यात उतरले. त्यास सुमारे सहा हजार झाडांचे लाकूड लागले. त्यात बहुतेक ओक वृक्षच होते. १८०५ साली ट्रॅफल्गारच्या युद्धात नेल्सन याच जहाजावर पडला. हल्ली ते पोर्ट्समथ येथे कोरड्या गोदीत उभे आहे. त्याची लांबी, नाळेवरील मूर्तीपासून पिछाडीच्या कठड्यापर्यंत, सुमारे २२७ फूट. फ्रान्समधील हेलर कारखान्याने शंभरास एक या प्रमाणात त्याची प्रतिकृती काढली आहे आणि भगिनींच्या वर्णनावरून मुलाजवळ तीच असावी. या प्रमाणात ते जहाज सुमारे ६९ सेंटिमीटर लांब होते, आणि साडेपाच फुटांचा खलाशी पावणेदोन सेंटिमीटरांचा होतो. सुटे भाग दोन हजारांहून अधिक. प्रत्येक तोफ, प्रत्येक डोलकाठी, प्रत्येक दोर कोठे जावयाचा हे सांगणारी पुस्तिका सोबत असते. त्रैराशिक शिकविताना आम्ही वर्गात जी उदाहरणे घालीत असू, त्यांहून हे उदाहरण शतपटीने सरस आहे.

आता विचारण्याजोगा प्रश्न हा की, असे खोके आमच्या मराठी आरमाराच्या गुराबेचे का मिळत नाही? ‘गिऱ्हाईक नाही म्हणून’ असे कोणी म्हणेल. ते काही अंशी खरे असेलही. पण उद्या लाख गिऱ्हाइके उभी राहिली तरी कारखानदाराने साचा कशावरून पाडावा? इंग्रजांनी सतराव्या शतकापासून आपल्या लढाऊ जहाजांचे नकाशे आणि लाकडी नमुने जपून ठेवले. आमच्याकडे कल्याण-भिवंडीच्या खाडीत शिवछत्रपतींनी आरमार बांधविले, कान्होजी आंग्र्यांनी ते नावारूपास आणले, विजयदुर्गाजवळ खडकात खोदलेली गोदी आजही दिसते. पण त्या गोदीत जी गुराब उभी राहात असे, तिच्या फासळ्यांचा बाक किती होता हे दाखविणारा बांधणीचा नकाशा आमच्या हाती नाही.

गुराबेचे जे नेटके वर्णन मिळते तेही परक्याच्या लेखणीतून. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने लिहून ठेवले आहे की, दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे दीडशे टनांची व तीन डोलकाठ्यांची सुमारे तीनशे टनांची असे. लांबीच्या मानाने ती रुंद, मध्यापासून पुढे निमुळती होत जाणारी आणि नाळ चोचीसारखी पुढे निघालेली. त्या नाळेच्या रोखाने तोफा डागता याव्यात अशी सोय असे. गलबत त्याहून लहान, बहुधा सत्तर टनांच्या आतले, वल्ह्यांनी चालणारे. शत्रूने हे टिपून ठेवले, कारण त्यास या गुराबांशी लढावयाचे होते. पुढे १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाईव्ह यांनी समुद्राकडून व नानासाहेब पेशव्यांच्या फौजेने जमिनीकडून विजयदुर्गास वेढले, आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळून गेले. जळालेले लाकूड पुन्हा उभे करता येते. पण त्यासाठी कागद लागतो, आणि कागद नव्हता.

कागद का नव्हता? आम्हांस विद्या नव्हती म्हणून काय? तसे म्हणवत नाही. अमरकोशाचा वारिवर्ग काढून पाहावा. सुकाणू धरणाऱ्यास कर्णधार, डोलकाठीस कूपक आणि गुणवृक्ष, वल्ह्यास क्षेपणी, अशी शब्दांची समृद्धी तेथे आहे. धारेच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ ग्रंथात तर नौकांचे प्रकारच दिले आहेत. युद्धास योग्य ती अग्रमंदिरा, म्हणजे जिचा कक्ष नाळेकडे आहे ती, असेही तेथे सांगितले आहे. नाळेवर सिंहाचे मुख असावे की हत्तीचे, किती डोलकाठ्यांच्या नौकेस कोणता रंग द्यावा, हेही आहे. परंतु ‘मंथरा’ नामक नौका १२० हात लांब, ६० हात रुंद आणि ६० हात उंच सांगितली आहे, ते वाचून आम्ही थबकतो. ‘व्हिक्टरी’चा तोफांचा मजला १८६ फूट लांब आणि जहाजाची रुंदी सुमारे ५२ फूट, म्हणजे लांबी रुंदीच्या साडेतीनपटीहून अधिक. लांबीच्या निम्मी रुंदी आणि तितकीच उंची असलेली नौका कोणत्या सुताराने बांधली असेल? ग्रंथकर्त्याने सुतारास विचारले नसावे, असेच वाटते.

याच्या उलट रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ घ्यावे. अठराव्या शतकाच्या आरंभीचा हा ग्रंथ. पंतांनी आरमारास राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे. गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहान नकोत, मध्यम असाव्यात, वाऱ्यावाचून हलत नाहीत अशी प्रचंड जहाजे आपल्या कामाची नव्हेत, असा अनुभवाचा विचार ते सांगतात. आरमाराच्या लाकडासाठी रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत, कारण ती झाडे लेकरांसारखी वाढविलेली असतात, ही त्यांची कळकळ वाचून आजही मन भरून येते. पण पंतही राजनीती सांगतात, रचना सांगत नाहीत. ती त्यांनी सुतारावर सोडली. सुतार आपली विद्या मुलाच्या हातात देई, कागदावर नव्हे. ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी वाकस धरला नाही, आणि ज्यांच्या हाती वाकस होता त्यांच्या हाती आम्ही लेखणी दिली नाही. हे वाक्य आम्ही लेखणीवाल्यांच्या घरी जन्मून लिहीत आहो, म्हणून ते आम्हांस अधिक टोचते.

लेखणी आणि वाकस एका घरात नांदले तर काय होते, याचे उदाहरण दूर शोधावयास नको, मुंबईचेच आहे. लवजी नसरवानजी वाडिया हे १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तेथील गोदीत जहाजे बांधिली. त्यांतील जमशेटजी बोमनजी यांस इंग्रज नौखात्यासाठी ‘ट्रिंकोमाली’ नामक लढाऊ जहाज बांधावयाचे होते. त्याचे नकाशे इंग्लंडाहून ‘जावा’ जहाजावर पाठविले गेले. परंतु १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ‘कॉन्स्टिट्यूशन’ या अमेरिकी जहाजाने ‘जावा’चा पाडाव केला आणि नकाशे त्याबरोबर गेले. मग काय झाले? दुसरी प्रत पाठविण्यात आली, इतकेच! मलबारच्या सागवानाचे ते जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईस पाण्यात उतरले. त्यानंतर महिना लोटण्यापूर्वीच खडकीची लढाई झाली आणि पेशवाईची घरघर सुरू झाली. ते मुंबईकर जहाज आज इंग्लंडात हार्टलपूल येथे दुरुस्त होऊन पाण्यावर तरंगत आहे. त्याच वाडिया घराण्यातील अर्देशीर करसेटजी हे १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले हिंदी सभासद झाले. सुताराच्या घरात कागद शिरला म्हणजे तो किती उंच नेतो, ते यावरून दिसेल.

आणि कागद नसला म्हणजे किती कष्ट पडतात तेही अलीकडेच दिसले. आमच्या मराठवाड्यातल्याच अजिंठ्याच्या लेण्यातील चित्रावरून काथ्याने शिवलेल्या फळ्यांचे एक जहाज गोव्यात बांधण्यात आले. ‘कौंडिण्य’ असे नाव देऊन २०२५ च्या मे महिन्यात ते भारतीय नौदलात दाखल झाले. हे लढाऊ जहाज नव्हे, व्यापारी वळणाचे आहे. त्याचा नकाशा नव्हताच. म्हणून चित्रावरून आकार ठरवावा लागला, लहान प्रतिकृतीची मद्रासच्या आय. आय. टी. संस्थेत पाण्यात परीक्षा करावी लागली, आणि शिवणीसाठी ती कला अंगी असलेले केरळचे कारागीर बोलवावे लागले. ते कारागीर शिल्लक होते हे आपले भाग्य. म्हणजे प्रतिकृती हा केवळ पोरखेळ नव्हे. मोठे जहाज बांधण्याची ती पहिली पायरी आहे.

तेव्हा भगिनींनी मुलास पुढील चार गोष्टी सांगाव्यात. सुटे भाग चौकटीतून पिळून तोडू नयेत. कात्रीने कापून कानस फिरवावी. जेथे पुढे कुंचला पोचणार नाही तेथे आधीच रंग द्यावा, आणि खालच्या मजल्यावरील तोफा बसविल्यावाचून वरचा मजला लावू नये. या कामाचा डिंक खळीसारखा चिकटत नाही; तो प्लॅस्टिक किंचित विरघळवून दोन तुकडे एकजीव करतो, म्हणून थेंबभरच लावावा आणि खिडकी उघडी ठेवून बसावे. डोलकाठ्या धरून ठेवणारे दोर डांबर लावलेले, म्हणून काळे, आणि शिडे हलविणारे दोर फिकट, हा भेद पाळावा. दोऱ्यास मेण लावावे, आणि दोन्ही बाजूंचा ताण सारखा ठेवावा, नाहीतर प्लॅस्टिकची काठी वाकते.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. रोज जे केले ते वहीत लिहावे, आकृतीसह. व्हिक्टरी पूर्ण झाली की त्याच वहीच्या पुढल्या पानावर ऑर्मच्या वर्णनावरून गुराबेची आकृती काढून पाहावी. ती पुरी होणार नाही. जेथे जेथे पेन्सिल अडेल तेथे तेथे प्रश्नचिन्ह करावे. ती प्रश्नचिन्हे म्हणजे आमच्या लेखणीची बाकी होय.

आता वडील मंडळींसाठी. समुद्र आपल्यापासून शेकडो मैल दूर आहे, पण सुतार दूर नाही. नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांतील खेड्यांत बैलगाडीचे चाक घडविणारे वृद्ध कारागीर अजून भेटतात. बाभळीचा तुंबा, त्यात बसविलेले आरे, भोवतीचे पाटे, आणि त्यावर लाल तापवून चढविलेली लोखंडी धाव. तापल्याने धाव फुगते, चाकावर बसते, पाणी ओतताच आवळते आणि सर्व सांधे घट्ट धरते. आरा किती कलता ठेवावयाचा, धाव चाकाच्या घेरापेक्षा किती आखूड ठेवावयाची, हे त्या कारागिरास ठाऊक आहे. ते त्याच्या डोळ्यांत आहे, कागदावर नाही. रबरी चाके आणि ट्रॅक्टर आले. त्याचा मुलगा दुसऱ्या धंद्यास लागला. गुराब ज्या वाटेने गेली त्याच वाटेने गाडी चालली आहे, आणि आपण ओट्यावर बसून पाहात आहो.

येत्या दिवाळीच्या सुटीत ज्या घरात शिकणारी मुले आहेत त्या घराने एक काम करावे. आपल्या गावच्या सुतारदादांकडे मुलामुलींनी वही, पेन्सिल व फूटपट्टी घेऊन जावे, त्यांस नमस्कार करून शेजारी बसावे, एका चाकाची सर्व मापे घ्यावी, प्रत्येक भागाचे त्यांच्या तोंडचे नाव लिहावे, आणि दहास एक या प्रमाणात ते चाक घरी करून त्यांस दाखवावे. चुकले असेल तेथे ते हसतील आणि सांगतील. ते सांगणेही लिहून घ्यावे. वहीच्या पहिल्या पानावर गुरू म्हणून त्यांचे नाव घालावे. अशी वही ज्या घरी तयार होईल त्या घराने आम्हांस अवश्य कळवावे.