शाळांच्या तुलनेचे माप

दहावीचा निकाल लागला की मध्यम आकाराच्या शहरांत शाळांची उतरंड नव्याने रचली जाते आणि जूनमधील प्रवेश बहुधा तिच्याकडे पाहूनच घेतले जातात. ही उतरंड ज्या मापाने रचली जाते ते माप नेमके काय मोजते, याची चौकशी मात्र क्वचितच होते. दिवाळी अंकाच्या सवडीच्या वाचनात ती व्हावी, या हेतूने येथे साताऱ्याचे उदाहरण घेतले आहे. 2011च्या जनगणनेत सुमारे 1 लाख 20 हजार लोकसंख्या नोंदवलेल्या या शहरात सार्वजनिक, म्हणजे पूर्णतः वा अंशतः शासकीय पैशावर चालणाऱ्या, शाळांचे बरेचसे प्रकार एकत्र आढळतात.

ज्या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याचे नाव दाखल झाले आणि ज्या प्रवेशाच्या स्मरणार्थ 2017 पासून राज्यात विद्यार्थी दिन पाळला जातो, ते प्रतापसिंह हायस्कूल आज जिल्हा परिषदेचे आहे. नगरपरिषदेच्या प्राथमिक शाळा वेगळ्या. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये काले येथे स्थापन केलेली आणि 1924 मध्ये साताऱ्यात आलेली रयत शिक्षण संस्था ज्या शाळा चालवते, त्यांतील बहुसंख्य अनुदानित आहेत, म्हणजे व्यवस्थापन संस्थेचे आणि शिक्षकांचे वेतन शासनाचे. चौथा प्रकार 23 जून 1961 रोजी सुरू झालेल्या, देशातील पहिल्या सैनिक शाळेचा. ती निवासी असून संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील सोसायटीमार्फत चालते आणि तिचे प्रवेश अखिल भारतीय परीक्षेतून होतात. निवडून घेतलेल्या मुलांच्या शाळेची तुलना दारात येईल त्या मुलाला घ्यावेच लागणाऱ्या शाळेशी करणे निरर्थक आहे, हे सांगण्याची खरे तर गरज पडू नये. तरीही चारचौघांतील चर्चेत ही दोन्ही नावे एकाच दमात घेतली जातात.

निकालाच्या टक्केवारीचा दोष याहून सूक्ष्म आहे. ही टक्केवारी शाळेमार्फत परीक्षेला बसलेल्या मुलांवर काढली जाते, पाचवीत वा आठवीत शाळेत असलेल्या मुलांवर नव्हे. मधल्या वर्षांत गळालेली मुले तिच्यात नसतात आणि नववीनंतर ज्यांना ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरायला, म्हणजे शाळेबाहेरून खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षा द्यायला, सुचवले जाते तीही नसतात. त्यामुळे प्रवेशद्वारावरील शंभर टक्के निकालाचा फलक कधी चांगल्या अध्यापनाचा पुरावा असतो, तर कधी केवळ चाळणीचा, आणि नुसत्या फलकावरून हा भेद ओळखता येत नाही. शिष्यवृत्ती परीक्षेचेही तेच: वर्गातील निवडक मुले बसवणारी शाळा आणि सगळा वर्ग बसवणारी शाळा गुणवत्ता यादीत शेजारी छापल्या जातात, तेव्हा दुसरीच्या वाट्याला कमीपणा येतो.

तुलनेचा खरा परिणाम मात्र पटावर, म्हणजे हजेरीपत्रकावरील विद्यार्थिसंख्येवर, होतो. शासकीय व अनुदानित शाळांना किती शिक्षक मिळावेत हे संचमान्यतेने ठरते आणि संचमान्यता साधारणतः 30 सप्टेंबरच्या पटावर बेतलेली असते. 2010 पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि एकसष्टाव्या मुलापासून तीन. साठाच्या उंबरठ्यावरील एखाद्या शाळेतून केवळ तिच्या नावलौकिकाबद्दलच्या शंकेने दोन पालकांनी दाखले काढून नेले, तर एक शिक्षक अतिरिक्त ठरून अन्यत्र जाऊ शकतो आणि पाच इयत्ता दोघांच्या गळ्यात पडतात. पुढच्या जूनमध्ये ‘तिथे शिकवायला कोणी नाही’ हे विधान खरे ठरलेले असते. शाळा मागे पडली म्हणून पट घटतो, की पट घटल्यामुळे शाळा मागे पडते, हा प्रश्न म्हणून एका दिशेने सोडवता येत नाही. तथापि उतरंड रचणाऱ्यांचा त्यात हात नाही, असे तरी म्हणता येणार नाही. या ओढाताणीत कित्येक मराठी शाळांनी गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकवणारे सेमी इंग्रजीचे वर्ग उघडले, आणि त्यामागे शैक्षणिक विचारापेक्षा पट टिकवण्याची निकड अधिक होती, असे मानण्यास जागा आहे.

30 सप्टेंबर या तारखेचीही एक गंमत आहे, अर्थात ज्यांना सोसावी लागत नाही त्यांच्यासाठी. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि शहरालगत शेंद्रे येथे अजिंक्यतारा कारखाना आहे. अशा कारखान्यांच्या परिसरात ऊसतोडीसाठी मराठवाड्यातून कुटुंबे उतरतात तेव्हा पटाची नोंद होऊन गेलेली असते. त्यांची मुले मूळ गावच्या पटावर मोजली गेलेली, शरीराने मात्र इथल्या फडात. जी शाळा अशा मुलांना चार-पाच महिने वर्गात बसवते, तिला त्यांच्यासाठी वेगळा शिक्षक सहसा मिळत नाही आणि वाचनाच्या चाचणीत तिची सरासरी मात्र खाली येते. शहरातील सर्वांत कठीण काम करणारी शाळा या मापाने सर्वांत दुबळी दिसू शकते.

शाळेची तुलना तिच्या स्वतःच्याच मागील वर्षांशी करणे, म्हणजे पहिलीत आलेल्या मुलांपैकी किती पाचवीपर्यंत टिकली आणि तिसरीत अडखळत वाचणारे मूल पाचवीत कुठवर पोचले हे पाहणे, अधिक न्याय्य ठरेल. त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे घालून दिले आहे, तसेच शाळा विकास आराखडा तयार करण्याचे काम या समितीकडे सोपवले आहे. त्या आराखड्यात पुढील तीन वर्षांच्या पटाचा अंदाज आणि लागणाऱ्या शिक्षकांची संख्या वर्षवार मांडायची असते. तो पुष्कळदा मुख्याध्यापकांच्या टेबलावर भरला जातो आणि पालक सदस्यांच्या सह्या नंतर घेतल्या जातात.