पेशीला आलेला निरोप

निपाणीचे नाव काढले की तंबाखू आठवते. ह्या पिकाने आपल्या भागातील अनेक घरांची चूल पेटती ठेवली. विड्या वळून मातांनी मुलांना शाळेत धाडले. हे ऋण मानूनच माझे मत मांडतो : तंबाखूच्या प्रदेशातील विद्यार्थ्याने पेशीशास्त्र इतरांहून अधिक आस्थेने शिकले पाहिजे.

शरीरातील पेशींचा बराचसा व्यवहार रासायनिक निरोपांवर चालतो. पेशीवर विशिष्ट निरोप ओळखणाऱ्या, कुलपासारख्या जागा असतात. निरोप तेथे बसला की पेशी आपले काम बदलते. कधी ती वृद्धिघटक नावाची प्रथिने निर्माण करून शेजारच्या पेशींना वाढीचा आदेश देते. प्राणवायू कमी पडताच अशाच एका घटकाच्या द्वारे नव्या रक्तवाहिन्या मागविल्या जातात. वृद्धिघटकांच्या शोधाबद्दल रीटा लेव्ही-मोंताल्चिनी व स्टॅन्ली कोहेन ह्यांना १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मानवी पेशी शरीराबाहेर, पोषक द्रवात, ३७ अंश सेल्सिअस उष्णतेत वाढविता येतात, म्हणून हा व्यवहार पडताळून पाहता येतो. ही विद्या भारतात रुजविणाऱ्यांत पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे (१९१७–२००१) अग्रणी होत्या. मुंबईत त्यांनी पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली व संप्रेरकांचा कर्करोगाशी असलेला संबंध अभ्यासला.

आता तंबाखूकडे वळू. तिच्यातील निकोटीन हे शरीराच्या ॲसिटिलकोलीन नामक निरोपाच्या जागी जाऊन बसते आणि पेशी फसते. संवर्धित मानवी पेशींत निकोटीनमुळे रक्तवाहिन्या वाढविणाऱ्या घटकाची निर्मिती वाढल्याचे आढळले आहे. उंदरांमध्ये निकोटीनमुळे नव्या रक्तवाहिन्या फुटतात व कर्करोगाची गाठ अधिक वाढते, असे अमेरिकेतील संशोधकांनी २००१ साली दाखविले. गाठही रक्तावरच पोसते!

कोणी म्हणेल, काचपात्रातील पेशी म्हणजे माणूस नव्हे. खरे आहे. त्या पेशीला आलेला निरोप नाकारता येत नाही. माणसाला तंबाखू नाकारता येते. परंतु शेतात राबणाऱ्याचे काय? ओली पाने खुडताना निकोटीन कातडीतूनही शरीरात शिरते. पोटासाठी हे काम करणाऱ्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. त्यांना ज्ञान देणे हे मात्र शिकलेल्या मुलांचे कर्तव्य आहे.

म्हणून, मित्रहो, प्रयोगशाळेत कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी एकदा लक्षपूर्वक पाहा. मग घरी जाऊन, शेतातून परतलेल्या आईवडिलांना जेवणापूर्वी हातपाय साबणाने धुण्याचा आग्रह करा, आणि त्याचे कारणही समजावून सांगा.